गोष्ट कुणाची, शब्द कुणाचे : लोककथा, अद्भुतकथा आणि कविता ऑनलाइन वाटताना

लेखकांच्या ऑनलाइन गटात मी टाकलेली पहिली लोककथा पूर्ण लोककथा नव्हती. तीन चतुर्थांश होती. आत्याने लहानपणी सांगितलेली गोष्ट : विहिरीतली सुसर एका मुलीला खाली घेऊन जाते आणि मुलगी परत येत नाही. मला तो शेवट काही रुचेना. मी मुलीला परत आणलं, येताना तिच्या ओच्यात मोती घातले आणि वर ‘पारंपरिक लोककथा’ असं ठोकून दिलं. दोनेक वर्षांनी एका अनोळखी लेखिकेने मला तीच गोष्ट ऐकवली, मोत्यांसकट. वर ‘जुन्या लोकांनी त्या मोत्यांत केवढा अर्थ भरलाय बघा’ हेही समजावून सांगितलं. मी गप्प बसले. काय बोलणार?

त्या वेळी मला कुणी चार गोष्टी सांगायला हव्या होत्या. त्या इथे क्रमाने लिहिते आहे. माझा सगळा भर एकाच मुद्द्यावर राहील : ऐकलेलं किती आणि रचलेलं किती, हे आधी स्वतःला नीट माहीत हवं आणि मग वाचणाऱ्याला सांगायला हवं. एवढं केलं तर निम्मे घोळ होतच नाहीत.

हाताशी काय हवं

- टिपणांसाठी एक वही किंवा फाइल
- फोनमधली ध्वनिमुद्रणाची सोय
- फोनवर आणि संगणकावर युनिकोड मराठी कीबोर्ड (युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं तीच दिसावीत म्हणून ठरवलेली पद्धत)
- गोष्ट ऐकलेली असेल तर सांगणाऱ्याची परवानगी, लेखी किंवा त्याच ध्वनिमुद्रणात आवाजी
- छापील मजकुरावरून घेतली असेल तर पुस्तकाचं नाव, आवृत्ती, वर्ष आणि पान
- गटाचे नियम आणि तो गट ज्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर आहे त्याच्या अटी, खरोखर वाचलेल्या

१. आधी चिठ्ठी लावा

मसाल्याच्या डब्यांवर लावतो तशी चिठ्ठी प्रत्येक मजकुरावर लावायची. मी चार चिठ्ठ्या वापरते.

‘ऐकलेली’ : सांगणाऱ्याने सांगितली तशी, शक्य तेवढी शब्दशः उतरवलेली. ‘पुनर्कथन’ : घटना त्याच, भाषा माझी. ‘आधारित’ : सांगाडा जुना, पण पात्रं, शेवट किंवा काळ मी बदललेला. ‘स्वतंत्र’ : सगळं माझं, वास जुना असला तरी.

माझी मोत्यांची गोष्ट तिसऱ्या प्रकारातली होती आणि तिच्यावर पहिली चिठ्ठी लागली होती. बदल करण्यात काहीच गैर नाही. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली आला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीपासून ती सावत्र आई झाली. शेवटची, सातवी आवृत्ती १८५७ ची. तोवर बऱ्याच कथांची भाषा घासूनपुसून निराळी झालेली होती. पण आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून आज कुणालाही पाहता येतं की काय बदललं आणि कधी. तुमच्या-माझ्या गोष्टींच्या सात आवृत्त्या निघणार नाहीत. आपल्याजवळ चिठ्ठी तेवढी आहे.

इथे हमखास पाय घसरतो तो ‘आधारित’ आणि ‘पुनर्कथन’ यांच्या सीमेवर. ‘मी फक्त भाषा नीट केली’ असं म्हणताना आपण राजाला सातऐवजी तीन राण्या दिलेल्या असतात, कारण सात लक्षात ठेवणं जड गेलं. बदल मोठा की छोटा हे ठरवत बसू नका. कथेसोबत जी टीप जोडायची (ती सातव्या मुद्द्यात येते) तिच्यात एका ओळीत लिहून मोकळं व्हा.

२. ऐकलेली गोष्ट नीट उतरवा

हा टप्पा लोक सर्वात घाईत उरकतात. मी त्यावर जरा जास्त थांबणार आहे, कारण पुढचं सगळं दुरुस्त करता येतं, हे येत नाही. सांगणारी व्यक्ती कायमची हाताशी नसते.

ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी विचारा. मागाहून विचारलं तर समोरचा भिडेपोटी हो म्हणतो. विचारताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवा : मुद्रण करू का, लिहून इतर लेखकांना वाचायला देऊ का, तुमचं नाव घालू का. पहिल्याला हो म्हणणारी माणसं तिसऱ्याला नाही म्हणतात. त्यालाही कारणं असतात.

मग नोंद : कुणी सांगितली, कधी, त्यांनी ती कुणाकडून ऐकली, सांगताना आणखी कोण होतं. शेवटचा मुद्दा फालतू वाटतो, पण नातवंडं समोर असतील तर गोष्टीतली एखादी ओळ गळते. तीच गोष्ट फक्त बायकांत सांगितली तर ओळ परत येते.

उतरवताना ‘तर काय झालं’, ‘मग काय विचारता’, ‘बरं का’ ही पालुपदं कापू नका. गोष्टीचा श्वास त्यांच्यावर चालतो. सुरुवातीचं ‘आटपाट नगर होतं’ आणि शेवटचं ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ ही निव्वळ सजावट नाही. गोष्टीचं दार कुठे उघडलं आणि कुठे लागलं, हे ऐकणाऱ्याला त्यातून कळतं. ‘जुनाट वाटतं’ म्हणून मी एकदा ती काढली. कथा मधेच कुणी तरी उठून गेल्यासारखी संपली.

बोलीचं काय करायचं? सांगणारी ‘व्हता’, ‘म्हनली’, ‘गेल्याली’ म्हणत असेल तर तसंच लिहा, पण मग सगळ्या पात्रांना तोच न्याय लावा. एक खोड मी बऱ्याच लिखाणात पाहिली आहे, माझ्याही : राजा आणि प्रधान पुस्तकी मराठीत बोलतात आणि गुराखी तेवढा बोलीत. सांगणारीच्या तोंडी तर राजाही ‘काय गं म्हातारे’ असंच म्हणत होता. उलटही घडतं. सांगणारीलाच वाटतं की आपली गोष्ट ‘शुद्ध’ भाषेत छापली जावी. तिचं ऐका. मूळ उतारा आपल्याजवळ ठेवा आणि वाटताना तिच्या इच्छेची आवृत्ती वाटा.

वेळेचा अंदाज असू द्या. दहा मिनिटांचं मुद्रण उतरवायला माझा तासभर सहज जातो, गाणं मधे आलं तर त्याहून जास्त. बोलून टाइप करण्याची सोय कामाला येते, पण बोलीपुढे ती गडबडते आणि गुपचूप प्रमाण मराठी करून ठेवते. तिच्यावर विसंबलात तर ऐकून ताडून पाहा.

३. ‘ही फक्त आमच्याकडचीच’ असं म्हणण्यापूर्वी

भोपळ्यात बसून जंगलातून जाणारी म्हातारी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ हे तर अस्सल मराठी वाटतं. तशीच म्हातारी बंगालीत दुधीभोपळ्यात बसून जाते आणि इराणमध्ये फारसी बोलत गडगडत जाते. वाघाला ‘लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा’ ही थापही तिन्ही ठिकाणी आहेच. त्यामुळे आपल्या म्हातारीचं काही कमी होत नाही. उलट टुणूक टुणूक हा तिचा स्वतःचा आवाज आहे, तो इतर कुठे नाही.

जगभरच्या अशा सारख्या गोष्टींना क्रमांक देणारी एक सूची आहे. फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी ती १९१० मध्ये सुरू केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्प्सन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये वाढवली आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडली. तिघांच्या आडनावांवरून ती ‘एटीयू’ म्हणून ओळखली जाते. सिंड्रेलाची गोष्ट त्यात ५१०ए. उंदरीसाठी सूर्य, ढग, वारा, डोंगर अशी स्थळं पाहत शेवटी उंदरापाशीच येणारी गोष्ट २०३१सी. क्रमांक शोधायला अर्धा तास लागतो आणि तो दिला की दुसऱ्या भाषेत लिहिणारा सहलेखकही लगेच म्हणतो, ‘अरे, आमच्याकडे डोंगराच्या जागी भिंत आहे.’ खरी मजा तिथून सुरू होते.

क्रमांक सापडला नाही तर नाही. ओढूनताणून चिकटवू नका.

४. हक्क : गोष्ट मोकळी, शब्द नव्हे

नवख्यांचा सर्वात मोठा गैरसमज हा : ‘लोककथा आहे ना, मग कुणाचीच नाही, कुठूनही उचला.’ परंपरेने आलेली कथा कुणा एकाची नसते, हे खरं. पण अमुक लेखिकेने अमुक पुस्तकात ज्या शब्दांत ती सांगितली ते शब्द तिचे असतात. घटनाक्रम घेऊन स्वतःच्या भाषेत लिहिता येतो. परिच्छेद उतरवून घेता येत नाही. त्या लेखिकेने स्वतः घातलेलं उपकथानकही परंपरेच्या नावावर घेता येत नाही. म्हणूनच एकाच कथेची निदान दोन-तीन रूपं वाचा. सगळ्यांत आहे ते बहुधा परंपरेचं, एकातच आहे ते बहुधा त्या लेखकाचं.

मुदतीबद्दल : बर्न करारानुसार (लेखनहक्कांबद्दलचा हा आंतरराष्ट्रीय करार) लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं राहतो. भारतात ही मुदत ६० वर्षं आहे, युरोपातल्या बहुतेक देशांत ७०. अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात. मूळ ग्रंथ हजार वर्षांपूर्वीचा असला तरी गेल्या दशकातला त्याचा अनुवाद मोकळा नसतो. लोक नेमके इथेच अडकतात.

आता सांगणाऱ्याचं नाव. कायदा काय म्हणतो ते राहू द्या, ही साधी चाड आहे. १८६८ साली मेरी फ्रिअर यांनी दख्खनमधल्या कथांचं इंग्रजी पुस्तक केलं तेव्हा त्या कथा सांगणाऱ्या अ‍ॅना लिबेराता डिसोझा यांचं नाव त्यात दिलंच, शिवाय अ‍ॅना यांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगितलेली हकीगतही छापली. जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं. आपण तर एकच गोष्ट टाकतोय. ‘एका आजीकडून ऐकलेली’ एवढ्यावर भागवायचं असेल तर ते त्या आजीने सांगितलं म्हणून असावं, आपल्या कंटाळ्यापायी नाही.

स्वतःच्या मजकुराबद्दलही ठरवा. इतरांनी तो पुढे वापरला तर चालेल का? क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून याच कामासाठी आहेत : नाव देऊन वापरा, व्यापारी वापर नको, बदल करून वाटू नका, बदललंत तर याच अटींवर वाटा, अशा अटींची वेगवेगळी जुळणी त्यांत मिळते. मात्र एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात देऊन बसू नका. काही लिहिलं नाही तर हक्क आपोआप तुमच्याकडेच असतात.

आणि काही गोष्टी वाटायच्याच नसतात. अमेरिकेतल्या नवाहो या मूळ रहिवाशांत कोयोटीच्या (लांडग्यासारख्या प्राण्याच्या) कथा हिवाळ्यातच सांगायची रीत आहे. काही कथा एखाद्या विधीशी बांधलेल्या असतात, काही फक्त दीक्षा घेतलेल्यांसाठी असतात. आपण ज्या समाजाचे नाही त्यांची गोष्ट असेल तर त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारा. नकार आला तर वहीत राहू द्या.

५. मजकूर तांत्रिकदृष्ट्या धड करा

थोडक्यात उरकते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या पडद्यावर ‘ैंीू’ छाप कचरा होऊन दिसतं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग ओळ न् ओळ वाचा, कारण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास हलतात. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात जोडाक्षरं तुटतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ वेगळे आहेत. डोंगरातल्या मुलीला समुद्रात ढकलू नका.

कवितेचा फोटो टाकू नका. सुंदर दिसतो, पण त्यातलं काही शोधता येत नाही, उद्धृत करता येत नाही आणि पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्या अंध वाचकाला तो ऐकूच येत नाही. सजवलेलं चित्र हवंच असेल तर खाली मजकूरही द्या.

६. गट निवडा, आणि आधी नुसते वाचा

निदान दोन आठवडे काही टाकू नका. एवढंच पाहा : लोक एकमेकांना काय लिहितात? सगळीकडे ‘वा’, ‘अप्रतिम’, ‘भिडलं’ एवढंच असेल तर तो गट मैफलीसाठी चांगला, शिकण्यासाठी नाही. मी दोन्ही प्रकारच्या गटांत आहे. मन खचलेलं असतं तेव्हा पहिल्यात जाते.

खुला गट की बंद, हे मात्र गंभीरपणे घ्या. पुष्कळ नियतकालिकं आणि स्पर्धा ‘अप्रकाशित’ साहित्य मागतात आणि कुणालाही दिसेल अशा जागी टाकलेलं साहित्य त्यांतल्या अनेकांना प्रकाशित वाटतं. सभासदांपुरत्या बंद गटात टाकलेलं पुष्कळदा चालतं, नेहमीच नाही. जी कथा पुढे कुठे पाठवायची आहे तिच्यासाठी तिथल्या अटी आधी वाचा. माझी एक बरी कविता अशी बाद झाली. चूक माझीच होती.

संकेतस्थळाच्या अटींत तुम्ही त्यांना तुमच्या मजकुराचा कोणता वापर करू देता ते लिहिलेलं असतं. तो परिच्छेद लांबलचक असतो, तरी शोधून वाचा.

७. पाठवताना वर टीप जोडा

टीप चार-पाच ओळींची पुरे. माझी साधारण अशी असते :

‘प्रकार : आधारित. आत्याकडून ऐकलेली, तिच्या परवानगीने. शेवटचा प्रसंग मी जोडलेला आहे, “पहाट झाली” पासून पुढे. शब्द अंदाजे १२००. लहान मुलाचा मृत्यू आहे. मला हवंय : मधला भाग रेंगाळतो का, आणि मुलीचं न बोलणं पटतं का. भाषेच्या दुरुस्त्या नंतर मागेन.’

शेवटची दोन वाक्यं सर्वात मोलाची. काय हवं ते सांगितलं नाही तर पहिले दहा अभिप्राय ऱ्हस्व-दीर्घावर येतात आणि कथेबद्दल कुणी बोलतच नाही.

लांबीचं माझं गणित : एका वेळी १००० ते १५०० शब्द. फोनवर वाचणारा माणूस त्यापुढे ‘नंतर वाचतो’ म्हणतो, आणि तो नंतर कधीच येत नाही. दीर्घ अद्भुतकथा असेल तर प्रकरणं करा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ‘याआधी काय झालं’ हे दोन वाक्यांत सांगा.

८. अद्भुतकथेबद्दल थोडं वेगळं

अद्भुतकथा लिहिणाऱ्या नवख्याला वाटतं, आधी वाचकाला आपलं जग समजावून सांगू. मग पहिल्या हप्त्यात नकाशा, राजघराण्याची वंशावळ आणि तीस नावांची सूची येते. कुणी वाचत नाही. एक दार, एक माणूस, एक अडचण, एवढ्यावर सुरू करा. सूची स्वतःजवळ ठेवा, फार तर कुणी मागितली तर द्या.

जादूला किंमत लागते का, ती कुणाला येते, ती कुठे चालत नाही, हे तीन प्रश्न सहलेखक विचारतीलच. उत्तरं कथेत दिली नाहीत तरी तुमच्याकडे तयार हवीत. लोककथेला हा नियम नाही, हेही लक्षात असू द्या. तिथे पोपटात राक्षसाचा जीव का, असं कुणी विचारत नाही. अद्भुतकथा वाचणारा मात्र विचारतो. दोन्ही वाचकवर्ग एकाच गटात असले की वाद होतात, म्हणूनही ती चिठ्ठी लावायची.

सांगाडा सापडत नसेल तर व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन परीकथांतून काढलेली ३१ कार्यं चाळून बघा : कुणी तरी घर सोडतं, मनाई केली जाते, मनाई मोडली जाते, असं पुढे. मी ती अडलेल्या कथेचं निदान करायला वापरते. कथा रचायला वापरली तेव्हा पत्रिका मांडल्यासारखं काही तरी झालं.

आणि उसनी घेतलेली भुतं. मुंजा, हडळ, झोटिंग, खवीस, वेताळ, आसरा ही मंडळी आपल्याकडे आयती आहेत आणि परदेशी ड्रॅगनपेक्षा मला ती केव्हाही प्यारी. पण ती एकाच माळेचे मणी नाहीत. मुंजा मुंजीच्या वयात मेलेल्या मुलाचं भूत, पिंपळावरचा. वेताळ भूत आहे आणि देवही आहे. आसरा पाण्यातल्या, कित्येकांच्या पूजेतल्या. तुमच्या कथेत जी खलनायिका आहे तिला कुणी तरी नमस्कार करत असतं. लिहू नका असं म्हणत नाही, माहिती करून घेऊन लिहा. नाही तर सरळ नवं नाव द्या.

जुन्या कथांत एखाद्या जातीची, अपंगाची, सुनेची टवाळी येते, तीही इथेच सांगते. ‘ऐकलेली’ असेल तर मी ती गाळत नाही, टिपेत तसं नमूद करते. ‘पुनर्कथन’ असेल तर ती तशीच ठेवण्याची जबाबदारी माझी होते. मग मी सहसा ठेवत नाही.

९. कविता टाकताना

एका वेळी एक. फार तर दोन. सात कविता एकदम टाकल्या तर लोक पहिली आणि शेवटची वाचतात.

छंदोबद्ध असेल तर छंदाचं नाव लिहा आणि टाकण्याआधी स्वतः मोजा. भुजंगप्रयातात ओळीला १२ अक्षरं, चार ‘य’ गण (एक गण म्हणजे लघु-गुरु-गुरु अशी तीन अक्षरं). शार्दूलविक्रीडितात १९, आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. गझल असेल तर रदीफ (शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द), काफिया (त्याआधीचं यमक) आणि अलामत (यमकाआधीचा सारखा स्वर) प्रत्येक शेरात, म्हणजे दोन ओळींच्या जोडीत, तपासा. मुक्तछंद असेल तर तसं सांगायची गरज नाही, पण ‘मुक्तछंद म्हणजे काही मोजायचं नाही’ असंही समजू नका. ओळ तिथेच का तोडली, हे कुणी विचारलं तर सांगता यायला हवं.

फोनच्या पडद्यावर १९ अक्षरांची ओळ बहुधा मोडते आणि दुसरी ओळ असल्यासारखी दिसते. मी ती यतीपाशीच तोडते, उरलेली सात अक्षरं खाली घेते आणि कडव्यांमध्ये एक पूर्ण रिकामी ओळ सोडते. मोकळ्या जागा देऊन केलेली नक्षी टिकत नाही, बऱ्याच ठिकाणी त्या जागा गिळल्या जातात.

छंदाची दुरुस्ती सुचवणारे भले लोक ‘तो’, ‘हा’, ‘गे’, ‘सदा’ असे भरतीचे शब्द सुचवतात. मात्रा जुळते, ओळ मरते. नम्रपणे नाही म्हणा.

ऐकलेली ओवी कागदावर नेहमी तोकडी दिसते, कारण गाताना ओळी पुन्हा पुन्हा येतात, मधे ‘गं बाई’ पडतं, शब्द ओढले जातात. शक्य असेल तर गाणारीच्या परवानगीने आवाजाचा तुकडाही जोडा. नाही तर किमान लिहा की गाताना दुसरी ओळ दोनदा येते.

१०. अभिप्राय घ्या, द्या

आलेल्या अभिप्रायाला त्याच दिवशी उत्तर देऊ नका, ‘वाचलं, आभार’ एवढं सोडून. रात्रभरात निम्मा राग उतरतो आणि उरलेल्या अर्ध्यात काही तथ्य असल्याचं लक्षात येतं. तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे नक्की काही तरी आहे, उपाय मात्र तिघांचेही चुकीचे असू शकतात.

‘ऐकलेली’ कथेला ‘शेवट बदला’ असा सल्ला आला तर तो तुमच्यासाठी नाहीच. तसं सांगा, आणि त्यांना स्वतःची ‘आधारित’ कथा लिहायला सुचवा. एका गटात एकाच कथेच्या अशा पाच आवृत्त्या जमल्या होत्या. गटातला तो सर्वात चांगला महिना होता.

देताना : एक घ्यायचा तर दोन द्या. ‘मला इथे कंटाळा आला’ हे ‘इथे कंटाळवाणं आहे’ यापेक्षा बरं, कारण पहिलं खरं असतंच. दुसऱ्याच्या आजीची भाषा सुधारू नका.

यंत्राकडून काही लिहून किंवा सुधारून घेतलं असेल तर तेही टिपेत घाला. पुढे उघडं पडण्यापेक्षा ते बरं.

११. कुणी उचललं तर

आधी पडताळा. तुमचीच लोककथा दुसऱ्याने त्याच्या शब्दांत सांगितली तर ती चोरी नाही, तीही फिरतीच होती. तुमची वाक्यं, तुम्ही घातलेला प्रसंग, तुम्ही ठेवलेलं पात्राचं नाव जसंच्या तसं आलं तर मात्र बोला. यासाठीच मी प्रत्येक कथेत पात्राला स्वतः घडवलेलं एखादं नाव देते. वाट चुकलेली कथा त्याने ओळखता येते.

बोलण्यापूर्वी पडद्याची छायाचित्रं तारखेसह जमवा. मग खासगीत, दोन ओळी : ‘हा मजकूर माझा आहे, अमुक तारखेला अमुक ठिकाणी दिला होता. कृपया नाव घाला किंवा काढा.’ बहुतेक लोक नाव घालतात. त्यांनाही तो बिननावाचाच मिळालेला असतो. उत्तर नाही आलं तर संकेतस्थळाच्या तक्रारव्यवस्थेकडे जा. जाहीर भांडण सर्वात शेवटी. त्यात वाचक फार मिळतात, न्याय क्वचित.

कविता पुढे पाठवताना खालचं नाव सर्वात आधी गळतं. नाव शीर्षकाच्या ओळीतच घातलं तर थोडं जास्त टिकतं.

१२. जपून ठेवा

ऑनलाइन जागा बंद पडतात. लाखो लोकांची घरगुती पानं सांभाळणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, तेव्हा ज्यांनी प्रत ठेवली नव्हती त्यांचं लिखाण गेलं. प्रत्येक मजकुराची साध्या मजकुराची फाइल, मूळ ध्वनिमुद्रण आणि आलेले चांगले अभिप्राय अशा तिन्हींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, कथेचं नाव आणि चिठ्ठी असू द्या. ‘अंतिम’, ‘अंतिम२’, ‘खरंच अंतिम’ या वाटेने मी गेले आहे, परत यायला वेळ लागला.

आणि एक प्रत मोठ्या अक्षरांत छापून सांगणाऱ्याला द्या. ती माणसं बहुधा तुमच्या गटात नसतात.

मी हे उशिरा केलं. मोत्यांचा शेवट काढून, वर ‘पुनर्कथन’ लिहून विहिरीची गोष्ट आत्याला नेऊन दिली. चार दिवसांनी कागद परत आला, पेन्सिलीने दोन ठिकाणी दुरुस्त केलेला. पहिली दुरुस्ती शुद्धलेखनाची होती. दुसरीत ‘सुसर’ हा शब्द सगळीकडे खोडून त्याच्या जागी ‘आसरा’ लिहिलं होतं. लहानपणी मला तो शब्द कळला नव्हता, म्हणून माझ्या डोक्यात तिची सुसर झाली होती. चिठ्ठी बदलून ‘पुनर्कथन, दुसरी आवृत्ती, सांगणारीच्या दुरुस्तीसह’ अशी केली, तारीख घातली, आणि जुनी फाइल पुसली नाही.